‘मायसेल्फ’चा धनी कोण?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत किंवा नाशकातील एखाद्या बँकेत मुलाखतीस बसलेल्या तरुणास ‘आपली ओळख करून द्या’ असे इंग्रजीत विचारले म्हणजे पुष्कळदा पहिलाच शब्द बाहेर पडतो तो ‘मायसेल्फ’. ‘मायसेल्फ अमुक अमुक, फ्रॉम नाशिक.’ घरी हीच ओळख पुतण्याने किंवा नव्या सूनबाईने म्हणून दाखविली की माजघरात हशा पिकतो. हसणारांपैकी एकासही त्यात चुकले काय व ते कां चुकले हे नेमके सांगता येत नाही. तथापि हसे मात्र होते, आणि ज्याचे हसे होते तो पुढे घरात इंग्रजी बोलण्याचेच सोडून देतो. चूक लहान, पण तिने होणारी हानी मोठी. म्हणून ह्या महिन्याच्या सदरात इंग्रजीतील आत्मवाचक सर्वनामांचा विचार करण्याचे योजिले आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ही चूक अडाणीपणाची नव्हे. ती मराठीच्या चांगल्या सवयीतून निघते. ज्यास आपल्या ‘आपण’ची व ‘स्वतः’ची ओळख पक्की आहे त्यास इंग्रजीचा नियम अर्ध्या घटकेत समजतो, ज्यास ती नाही त्याने शंभर उदाहरणे पाठ केली तरी एकशे एकाव्या वेळी तो अडखळतो. तेव्हा आधी घरचे पाहू, मग परक्याचे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली निघाले, आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून आजपर्यंत शाळेत मुलांना सर्वनामांचे प्रकार शिकविताना ‘आत्मवाचक’ ह्या सदराखाली ‘आपण’ व ‘स्वतः’ हे दोनच शब्द सांगतात. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’ पासून प्राकृतातील ‘अप्पा’च्या वाटेने आला, म्हणजे ‘आत्मवाचक’ हे नाव त्यास जन्मतःच शोभते. ह्या शब्दाची कामे मात्र तीन. ‘आपण उद्या त्र्यंबकेश्वरास जाऊ’ येथे तो बोलणारा व ऐकणारा ह्या दोघांना मिळून आहे. ‘आपण केव्हा आलात?’ येथे तो आदरार्थी ‘तुम्ही’ आहे. आणि ‘तो आपण होऊन आला’ येथे तो खरा आत्मवाचक आहे.

त्याचा विशेष हा की, त्यास पुरुष नाही, लिंग नाही, वचनही नाही. मी आपले काम करतो, तू आपले काम करतोस, ती आपले काम करते, ते आपले काम करतात. कर्ता बदलला तरी ‘आपले’ जागचे हलत नाही. ‘स्वतः’ची गोष्ट तीच. एका शब्दात साऱ्या कुटुंबाचे भागते.

इंग्रजीत असे नाही. तेथे प्रत्येकाचा शब्द निराळा: मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, अवरसेल्व्ज, युअरसेल्व्ज, देमसेल्व्ज, आणि कोणा एका व्यक्तीस न धरता सर्वसामान्य बोलावयाचे तर वनसेल्फ. ‘युअरसेल्फ’ आणि ‘युअरसेल्व्ज’ ह्या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. इंग्रजी ‘यू’ला एकवचन व अनेकवचन सारखेच, परंतु हा शब्द आला की समोर एक मनुष्य आहे की अनेक हे सांगावेच लागते.

येथे एक अडचण मुलांना हटकून येते. माय, युअर, अवर हे ‘माझा, तुझा, आमचा’ अशा अर्थाचे शब्द. त्यांपुढे सेल्फ लावून मायसेल्फ झाले. त्याच न्यायाने ‘त्याचा’साठी ‘हिज’ आहे, तर ‘हिजसेल्फ’ व्हावयास हवे, असे हुशार मुलास वाटते. पण भाषेने तेथे ‘हिम’ आणि ‘देम’ ही कर्मरूपे धरली. जुन्या इंग्रजीत ‘सेल्फ’ हे केवळ जोर देणारे विशेषण होते, आणि ‘त्याने स्वतःस मारले’ हेही नुसत्या ‘हिम’नेच सांगत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात किंवा शेक्सपिअरच्या नाटकांत असे नुसते ‘मी’ व ‘हिम’ जागोजाग आढळतात. सेल्फची जोड कायम होत गेली ती हळूहळू, आणि घडण दोन तऱ्हांची राहून गेली. ‘हिजसेल्फ’ व ‘देअरसेल्व्ज’ हे शब्द इंग्लंड-अमेरिकेतील काही बोलींत आजही ऐकू येतात. म्हणून मूल ‘हिजसेल्फ’ म्हणाले तर हसू नये. त्याने नियम ओळखला आहे, अपवाद तेवढा सांगावा.

आता मुख्य नियम. त्यास आम्ही धन्याचा नियम म्हणतो. सेल्फान्त शब्द हा चाकर आहे. त्याचा धनी त्याच घरात, म्हणजे त्याच उपवाक्यात, हजर असला पाहिजे, आणि पुरुष, लिंग, वचन ह्यांत तो धन्यासारखा असला पाहिजे. बहुधा हा धनी म्हणजे त्या उपवाक्याचा कर्ता. ‘शी बर्न्ट हरसेल्फ’: धनी ‘शी’, चाकर ‘हरसेल्फ’, ठीक. ‘प्लीज राइट टु मायसेल्फ’ येथे करावयाचे आहे ‘तुम्ही’, आणि चाकर आहे ‘मी’चा, धनी घरात नाही. म्हणून ‘राइट टु मी’ एवढेच शुद्ध. ‘माय ब्रदर अँड मायसेल्फ विल अटेंड’ येथेही तेच. ‘माय ब्रदर अँड आय’ असे म्हणावे. ह्या चुका साहेबाच्या देशातील लोकही करतात. ‘आय’ की ‘मी’ असा संशय पडला की ‘मायसेल्फ’च्या आड दडणे सोपे जाते. पण आडोसा म्हणजे घर नव्हे.

मराठी माणसास ‘त्याच उपवाक्यात’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. ‘रामास वाटते की गोविंद आपली स्तुती करतो.’ ह्या वाक्यात स्तुती कोणाची? रामाची असू शकेल, गोविंदाची असू शकेल, आणि बोलणारा-ऐकणारा ह्या दोघांचीही असू शकेल. आपला ‘आपण’ दूरच्या धन्याचीही चाकरी करतो. ‘स्वतः’ तसा नाही. ‘गोविंद स्वतःची स्तुती करतो’ म्हटले की स्तुती गोविंदाचीच. मराठीच्या ह्या भेदाचा काशी वाली इत्यादी भाषाशास्त्रज्ञांनी सूक्ष्म अभ्यास केला आहे, आणि सर्वनामांच्या जागतिक चर्चेत मराठीची ही उदाहरणे आदराने घेतली जातात. आपल्याकरिता त्याचे तात्पर्य असे: इंग्रजी सेल्फ हा ‘आपण’चा भाऊ नव्हे, ‘स्वतः’चा भाऊ. ‘रामा थिंक्स दॅट गोविंद प्रेझेस हिमसेल्फ’ ह्यात स्तुती गोविंदाचीच होणार. रामाची हवी असेल तर ‘प्रेझेस हिम’ असेच म्हणावे लागेल.

दुसरे काम जोर देण्याचे. ‘मुख्याध्यापक स्वतः आले’ हे इंग्रजीत ‘द हेडमास्टर हिमसेल्फ केम’ असे होते. येथे सेल्फ हे कर्म नाही, म्हणून तो शब्द काढून टाकला तरी वाक्य उभे राहते. हीच परीक्षा: काढल्यावर वाक्य उभे राहिले व अर्थ तोच राहिला तर तो जोराचा सेल्फ, मोडले तर तो आत्मवाचक. ‘बाय’ हा शब्द मागे आला की अर्थ ‘एकट्याने’ किंवा ‘दुसऱ्याच्या मदतीवाचून’ असा होतो. ‘आजी लिव्ह्ज बाय हरसेल्फ’ म्हणजे आजी एकटी राहते. ‘आजी स्वतः राहते’ असे त्याचे भाषांतर कोणी केले तर ते मराठीच नव्हे.

खरी कसोटी लागते ती क्रियापदांशी. मराठीत कित्येक गोष्टी माणसावर येऊन पडतात. इंग्रजीत त्या तो स्वतःस करून घेतो. आपण म्हणतो ‘मला लागले’, ‘तिला भाजले’, ‘त्याला कापले’. येथे मनुष्य कर्ता नाहीच. लागणे त्याच्याकडे आले आहे. इंग्रज म्हणतो ‘आय हर्ट मायसेल्फ’, ‘शी बर्न्ट हरसेल्फ’, ‘ही कट हिमसेल्फ’. शब्दशः पाहता जणू मुद्दामच केले. परंतु तसा अर्थ तेथे नसतो. ह्या भेदामुळे मराठी मूल येथे सेल्फ विसरते.

उलट आंघोळीचे. ‘त्याने रामकुंडावर स्नान केले’ हे ‘ही बेद्ड ॲट रामकुंड’ एवढ्यात होते. अंग धुणे, कपडे घालणे, दाढी करणे ही नित्याची कामे इंग्रजीत सेल्फवाचून चालतात. तेथे मुद्दाम ‘हिमसेल्फ’ घातले तर काही निराळे सुचते: दुखण्यातून उठलेला मनुष्य आता आपल्या हाताने अंग धुऊ लागला, असे.

काही क्रियापदांस मात्र सेल्फ हवाच, आणि तेथेच आपली मंडळी तो गाळतात. ‘वी एन्जॉइड ॲट त्र्यंबक’ असे सहलीहून आलेली मुले लिहितात. एन्जॉय हे सकर्मक क्रियापद. कशाची मजा घेतली ते सांगा. ‘वी एन्जॉइड द ट्रिप’ म्हणा, नाही तर ‘वी एन्जॉइड अवरसेल्व्ज’ म्हणा. तसेच ‘अव्हेल’. कचेरीतील अर्जांत ‘आय अव्हेल्ड लीव्ह’ हे इतके रूढ झाले आहे की ते शुद्धच वाटते. प्रमाण इंग्रजीत ‘आय अव्हेल्ड मायसेल्फ ऑफ द लीव्ह’ असे होते. आणि हे अवघड वाटत असेल तर सरळ ‘आय टुक लीव्ह’ म्हणावे. गैरहजर राहण्याविषयीही ‘ही ॲबसेंटेड हिमसेल्फ’ असेच म्हणतात.

हरवण्याची गंमत पाहा. सिंहस्थाच्या गर्दीत मूल चुकले, तर ‘द चाइल्ड गॉट लॉस्ट’ किंवा ‘वॉज लॉस्ट’. ‘लॉस्ट हिमसेल्फ इन द क्राउड’ म्हटले तर ऐकणारास वाटेल की मूल मुद्दाम गर्दीत दडले. आणि ‘ही लॉस्ट हिमसेल्फ इन द कीर्तन’ म्हणजे तो कीर्तनात रंगून गेला, देहभान विसरला. एका शब्दाने पोलीस चौकीचे काम की समाधी, एवढे अंतर पडते!

जागा किंवा सोबत दाखविणाऱ्या शब्दांपुढे इंग्रजी बहुधा साधे सर्वनाम घेते. ‘काकांनी आपल्याबरोबर छत्री घेतली’ ह्याचे ‘काका टुक ॲन अम्ब्रेला विथ हिम’ असे होते. ‘विथ हिमसेल्फ’ नव्हे. ‘तिने आपल्या मागे पाहिले’ म्हणजे ‘शी लुक्ड बिहाइंड हर’. मात्र गोष्ट मनातील असेल तर सेल्फ परत येतो: ‘ही इज प्लीज्ड विथ हिमसेल्फ’, तो स्वतःवरच खूष आहे.

एवढे झाल्यावर मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘मायसेल्फ अमुक’ असे कां म्हटले जाते? आम्हास त्याची दोन कारणे दिसतात. मराठीत ‘मी गोविंद’ हे पुरे वाक्य आहे. ‘आहे’ म्हणण्याची गरज नाही. त्याचे शब्दशः ‘आय गोविंद’ केले तर कानास खटकते. तेव्हा ‘आय’च्या जागी जड शब्द घालून पोकळी भरली जाते. दुसरे कारण विनयाचे. आपल्यात नुसते ‘मी, मी’ करणे अहंकाराचे समजतात. इंग्रजीत तर ‘आय’ हे अक्षर वाक्याच्या मध्येही मोठे लिहावे लागते. संकोची मुलास ‘मायसेल्फ’ नम्र वाटतो. पण त्या वाक्यात धनीही नाही आणि क्रियापदही नाही. ‘आय ॲम गोविंद’ किंवा ‘माय नेम इज गोविंद’ ह्यांत अहंकार मुळीच नाही. पुतण्यास हे कारणासह सांगितले म्हणजे तो पुन्हा चुकणार नाही. नुसते हसल्याने तो फक्त गप्प बसेल.

सेल्फचे दोन प्रयोग मात्र घरातील वडील मंडळींस आवडतील. आयर्लंडातील इंग्रजीत यजमानास नुसते ‘हिमसेल्फ’ म्हणण्याची रीत आहे. ‘हिमसेल्फ घरी आहेत काय?’ म्हणजे घरधनी आहेत काय. आपल्या आज्या-पणज्या पतीचे नाव न घेता ‘इकडून’ किंवा ‘स्वारी’ म्हणत, त्याचाच हा सख्खा मासला. दुसरा प्रयोग पंक्तीचा. इंग्रज यजमान पाहुण्यास ‘हेल्प युअरसेल्फ’ म्हणतो, म्हणजे हवे ते निःसंकोच घ्या. त्याच्याकडे तो मोकळेपणा. आपल्याकडे ‘तुमचे तुम्ही वाढून घ्या’ म्हटले तर पाहुणा उठून जाईल, कारण आपल्या पंक्तीस आग्रह लागतो. शब्द भाषांतरित होतो, रीत होत नाही, हेही मुलांस सांगावे.

आता नाण्याची दुसरी बाजू. इंग्रजीजवळ नसलेली एक वस्तू मराठीजवळ आहे, आणि ती आपण हल्ली हातची घालवीत आहोत. ‘सासूबाईंनी सुनेस आपल्या माहेरी नेले.’ कोणाचे माहेर? सासूबाईंचे. ‘सासूबाईंनी सुनेस तिच्या माहेरी नेले.’ आता सुनेचे. एका शब्दाने गाव बदलले! इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘हर’च येणार, आणि ऐकणाराने ‘कोणाचे?’ म्हणून विचारावयाचे. ‘सदाशिवने भावास आपले घर दिले’ व ‘सदाशिवने भावास त्याचे घर दिले’ ह्यांत तर दानपत्र आणि परतफेड एवढा फरक आहे. मृत्युपत्राचे किंवा वाटणीपत्राचे इंग्रजी भाषांतर करविताना हा ‘आपले’ नुसत्या ‘हिज’मध्ये बुडाला, तर दोन पिढ्यांचा तंटा उभा राहू शकतो. तेथे नाव पुन्हा लिहावे, किंवा ‘हिज ओन’ म्हणून स्पष्ट करावे.

आणि नेमका हाच ‘आपला’ इंग्रजी शाळांत शिकणाऱ्या मुलांच्या तोंडून नाहीसा होत चालला आहे. ‘तो त्याच्या घरी गेला’, ‘तिने तिचा डबा खाल्ला’ असे ती सर्रास बोलतात. मोठी माणसेही त्यांचे ऐकून तसेच बोलू लागली आहेत. मनात ‘हिज’ व ‘हर’ धरून मराठी बोलल्याचा हा परिणाम दिसतो. ‘मायसेल्फ’ला आपण सारे हसतो, परंतु ‘त्याने त्याचे पुस्तक उघडले’ हे ऐकून कोणाच्या कपाळास आठी पडत नाही. वस्तुतः पहिली चूक परक्या भाषेतील आहे आणि दुसरी आईच्या. मराठीने चारशे वर्षे फारसी शब्द पचविले, इंग्रजी शब्दही ती पचवील. शब्द आल्याने भाषा मरत नाही. पण दोन अर्थांमधला भेद दाखविणारे साधन एकदा मोडले की ते बाजारात विकत मिळत नाही.

नाशिककरांस ह्या बाबतीत दूरचा दाखला नको. येथील हं. प्रा. ठा. महाविद्यालयातून पदवीधर झालेल्या वि. वा. शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’ व ‘ऑथेल्लो’ ह्या नाटकांस मराठी रूप दिले, आणि त्यांचाच जन्मदिवस, २७ फेब्रुवारी, आज मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. दोन भाषांशी एकनिष्ठ राहता येते. मात्र प्रत्येकीशी तिच्या रीतीने वागावे लागते.

तर वाचकहो, रात्रीच्या जेवणानंतर मुले व वडील मंडळी एकत्र बसतील तेव्हा पुढील पाच वाक्यांचे इंग्रजी करून पाहावे. प्रत्येक ठिकाणी आधी धनी शोधावा, मगच चाकर नेमावा.

१. आत्याने स्वतः पुरणपोळ्या केल्या.
२. खेळताना मधूला लागले.
३. आजोबांनी देवळात जाताना आपल्याबरोबर काठी नेली.
४. मुलांनो, मेळ्यात मजा करा, पण नीट वागा.
५. काकूंनी जाऊबाईंस आपल्या भावाचे पत्र दाखविले.

पाचवे वाक्य इंग्रजीत नेताना जो घोटाळा होईल तो कसा सोडविला तेही लिहून ठेवावे. उत्तरे पुढील अंकी देऊ.